‘रन’चं गाऱ्हाणं

अंधेरी पूर्व
१२ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. हे पत्र तोंड मिटून वाचायचं, कळलं ना? घशातली गाठ काढल्यावर डॉक्टरांनी दसऱ्यापर्यंत आवाज काढू नका म्हणून सांगितलंय आणि तू देवाजवळ पुटपुटतेस, असं गुणाजीकाका मला परवा फोनवर सांगत होते. पुटपुटणंही बोलण्यातच येतं गं!

काल मी फोनवर एकटीच बडबडत होते आणि तू तिकडून पाटीवर खडू आपटत होतीस. एकदा आपटलं की हो, दोनदा आपटलं की नाही. फोन ठेवल्यावर मला कसंतरीच झालं. मोबाइलवर टाइप करायला तू तयार नाहीस, तेव्हा आता पत्र. मुलुंडहून अंधेरीला पत्र यायला तीन-चार दिवस लागतात म्हणे. लागू देत. उत्तर मात्र ऑफिसच्या पत्त्यावर टाक. बोरिवलीला नको, तिथे आमच्या बिल्डिंगचा लेटरबॉक्स कोणी उघडतच नाही.

तुझ्याकडे कामही आहे. आमच्या ऑफिसात शाळेच्या मुलांसाठी इंग्रजी-मराठी शब्दकोश चाललाय, हे तुला माहीत आहे. शिवदास सरांनी मला त्यातला ‘रन’ दिला. मला वाटलं, रन म्हणजे पळणे, जेवायच्या आधी संपवते. बाई गं! हा शब्द मला आता वेड लावणार आहे. माणूस रन करतो ते ठीक. पण मशीन रन करतं, नळ रन करतो, नाक रन करतं, रस्ता रन करतो, धुतलेल्या साडीचा रंग रन करतो, नाटक रन करतं, निवडणुकीला माणूस रन करतो, अंगात ताप रन करतो, दुकान रन करतात, आणि बाई घर चालवते ते पण रनच. महिना होत आला, अर्थ निघताहेत ते निघताहेतच.

शिवदास सरांचा हट्ट असा की प्रत्येक अर्थाला एक जिवंत वाक्य पाहिजे, ‘राम पळतो’ असलं चालणार नाही. तू कधी पुस्तकी बोलली नाहीस, म्हणून माझी काही वाक्यं सोबत पाठवते. वाच आणि तुझ्या तोंडी कसं आलं असतं ते लिही.

ती एकटीच सगळं घर चालवते.
नळ वाहताच ठेवून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.
दोघांकडचे बोलायचे विषय संपले.
कोणालाही न सांगता पळून जावं असं तिला वाटतं.
हे असं आणखी किती वर्षं चालणार?

बाकी मजेत. सुबोध बरा आहे. सासूबाईंचे गुडघे पावसाने दुखताहेत.

तुझी
जान्हवी


मुलुंड पूर्व
१७ ऑगस्ट २०२४

चि. जान्हवी,

पुष्कळ आशीर्वाद. मी पुटपुटत नाही. दादाला, तुझ्या गुणाजीकाकांना, वाटतं, बाई गप्प बसलीय म्हणजे नक्की काहीतरी पुटपुटत असणार. जन्मभर माझी बडबड ऐकली, आता माझ्या गप्प राहण्याचाही त्याला आवाज येतो. पाटी गळ्यात अडकवून मी घरभर फिरते. भाजीवाला परवा विचारत होता, मावशी शाळेत नाव घातलं काय? मी पाटीवर ‘हो, तू पण ये’ असं लिहून दाखवलं.

तुझा तो रन चांगलाच डांबरट आहे. मी दोन दिवस कांदा चिरताना, दळण निवडताना तोच घोळवला. आता लिहून घे. नाक रन करत नाही, गळतं. साडीचा रंग जातो. ताप भरतो. रस्ता जातो, कुठे जातो ते त्यालाच ठाऊक. नाटक चालतं, दुकान चालतं, मशीन चालतं, घर चालतं. आणि निवडणुकीला माणूस उभा राहतो गं! त्यांचा पळतो आणि आपला उभा राहतो, म्हणूनच आपल्याकडची गटारं तशीच राहतात, असं दादा म्हणाला. त्याला सांगितलं तर तो दिवसभर तेच करत बसला.

मला एक गंमत वाटली. इंग्रजांचं सगळं धावतं आणि आपलं सगळं चालतं. आपल्याला घाई नाही असं तुझ्या सरांना सांग.

आता दुसरं. तुझी ती पाच वाक्यं मी वाचली. एकदा वाचली, मग चष्मा पुसून परत वाचली. ही ‘ती’ कोण? घर चालवणारी ती, खिडकीशी उभी राहणारी ती, पळून जावंसं वाटणारी ती. एका शब्दकोशात एवढ्या बाया आल्या कुठून? मला तर एकच दिसते. तू कॉलेजात असताना आई-बाबा गावी गेले, तेव्हापासून लग्न होईपर्यंत तू माझ्याजवळ होतीस. पाणी वाहतं ठेवून खिडकीशी उभं राहायची खोड कोणाची, ते मला माहीत नाही काय?

सरळ विचारते. तू घर सोडायच्या विचारात आहेस का? सुबोधचं काही? की आणखी कोणी? काही असो, मला लिही. मला ओरडता येत नाही, एवढा तरी फायदा घे.

तुझी
आत्या


अंधेरी पूर्व
२२ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,

काय तू पण! अगं, उदाहरणं आहेत ती. शब्दकोशातली ‘ती’ म्हणजे कोणीच नसते. उद्या मी ‘त्याने तिचा खून केला’ असं लिहिलं तर तू पोलिसात जाशील. आणि ‘आणखी कोणी’ हे तू लिहिलंस तरी कसं? कोणी नाही, आत्या. ऑफिसात शिवदास सर आहेत, ते साठीचे आहेत आणि दुपारी ताकाचा पेला हातात धरून झोपतात.

तुझी वाक्यं मात्र सरांना एकदम झकास वाटली. ‘रस्ता कुठे जातो ते त्यालाच ठाऊक’ हे त्यांनी तसंच घेतलं. उमेदवाराचं काकांचं वाक्य घेतलं नाही, शाळेची मुलं वाचणार म्हणून.

माझं सगळं ठीक चाललंय. सुबोध गोरेगावला स्टुडिओंना लाइट भाड्याने देणाऱ्या त्याच कंपनीत आहे. रात्री झोपताना तो घरातली सगळी बटणं बोट फिरवून तपासतो, हॉलपासून बाथरूमपर्यंत. मग म्हणतो, सगळं बंद आहे. रोज म्हणतो. माणूस सरळ आहे, आत्या. त्याच्याबद्दल तक्रार करायला माझ्याकडे एक गोष्ट नाही. जेवण झालं की मी खाली कंपाउंडमध्ये फेऱ्या मारते. सासूबाई वरून विचारतात, अगं किती फिरशील? मी म्हणते, अजून थोडं. एका जागी बसवत नाही, एवढंच. पावसाचं असेल.

नवी वाक्यं पाठवते, ही तरी नीट वाच.

वेळ संपत आलाय.
हा गुण त्यांच्या घराण्यातच आहे.
एवढा धोका पत्करायची तिची तयारी नव्हती.

सप्टेंबर अखेर हे काम द्यायचंय, म्हणून जरा धावपळ आहे. मी मजेत आहे, खरंच मजेत आहे.

तुझी
जान्हवी


मुलुंड पूर्व
२९ ऑगस्ट २०२४

चि. जान्हवी,

‘मजेत’ दोनदा लिहिलंस आणि दुसऱ्याखाली रेघ ओढलीस. रेघ इतकी दाबून ओढलीस की कागद मागून फुगलाय.

मी काय करू सांग. पूर्वी असतं तर सरळ फोन लावला असता, तुला दोन शब्द सुनावले असते, तू रडली असतीस आणि विषय मिटला असता. आता मी फोनकडे बघते आणि फोन माझ्याकडे. बोरिवलीला येऊन बसावं तर सुबोधसमोर पाटीवर काय लिहू? ‘तुमचं भांडण झालंय का’? रात्रीचं जाऊ दे, दिवसाही मला बसवत नाही. मोदकाचं पीठ चाळायला घेतलं ते दोनदा सांडलं. तुझी वहिनी म्हणाली, आत्या, तुम्ही जरा टीव्ही बघा.

तुला बोलायचं नसेल तर नको बोलूस. पण ज्याच्याशी सगळे बोलतात तो येतोय पुढच्या शनिवारी. तुला माहीत आहे, आपल्याकडे जे कोणाला सांगता येत नाही ते गाऱ्हाण्यात घालतात. विसर्जनाला निघायच्या आधी दादा सगळ्यांसाठी घालतो, तेव्हा तुझ्यासाठीही घालायला सांगते. काळजी करू नकोस, मोघम सांगेन. दरवर्षी मी त्याच्या कानात सांगते आणि तो ‘जा काय आसात ता’, जे काही असेल ते, म्हणून सगळं झाकून नेतो. कोणाला कळतही नाही कोणाचं काय आहे ते.

गौरी-गणपतीच्या विसर्जनाला सुबोधला आणि तुझ्या सासूबाईंना, राधाताईंना, घेऊन ये. गुडघ्यांचं काय ते रिक्षा करू. तू आलीस की मला तुझं तोंड तरी दिसेल.

तुझी
आत्या


बोरिवली
१४ सप्टेंबर २०२४

आत्या,

मायना लिहिलेला नाही, लक्षात आलं असेलच.

मोघम सांगणार होतीस ना? तू बोलू शकत नाहीस, कानात सांगू शकत नाहीस, हे तुझ्या ध्यानातच आलं नाही? सगळ्या माणसांमध्ये तू पाटी वर धरलीस. ‘जान्हवीचं घर टिकू दे’. मी मागे आरतीचं ताट घेऊन उभी होते, मला पाटीची फक्त पाठ दिसली, काय लिहिलंय ते वहिनीने नंतर सांगितलं. आणि काकांना तर तू ओळखतेस. चार शब्द दिले की ते त्याचं कीर्तन करतात. हात जोडले, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरू झाले. नातवाची नोकरी झाली, तुझा घसा झाला, आणि मग:

“आणि ह्यां आमचां चेडू, जान्हवी, घर सोडून पळाक बघता हा. तेच्या मनात जा काय भरला आसात ता उतरव, मधी कोण इलो आसात तर तेका बाजूक कर, तेचे पाय सासरच्या घराक थार कर रे म्हाराजा!”

आणि सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा!”

सगळे म्हणजे सगळे. सुबोध म्हणाला. सासूबाई म्हणाल्या. आणि आत्या, मीसुद्धा म्हणाले. लहानपणापासून काकांनी ‘म्हाराजा’ म्हटलं की माझ्या तोंडून ते निघतंच. बहुतेक सगळ्यात मोठ्याने मीच म्हणाले. मग खालून ढोलाचा आवाज आला.

मुलुंडहून बोरिवलीपर्यंत रिक्षात तिघंजणं. कांदिवलीचा सिग्नल लागला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “मी पण व्हय म्हाराजा म्हटलं. आता मला सांग, मी नक्की कशाला हो म्हटलं?” मी म्हटलं, काकांचा काहीतरी गैरसमज झालाय. सुबोध बाहेर बघत होता. घरी आल्यावर त्याने बटणं तपासली. ‘सगळं बंद आहे’ हे मात्र म्हणाला नाही.

तुला जाणून घ्यायचं होतं ना? घे मग. आणखी कोणी नाही. भांडण नाही. हैदराबादला भाषांचं काम करणारी एक संस्था आहे. तिथे मराठीचा मोठा कोश करणार आहेत, माणसं बोलतात ती मराठी गावोगाव फिरून गोळा करायची, आणि ते काम सांभाळायला मला बोलावलंय. दोन वर्षं. जुलैमध्ये विचारलं, तीस सप्टेंबरपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. मी कोणालाच सांगितलं नाही. सुबोधला सांगितलं तर तो म्हणणार, तुझं तू ठरव. त्याचं ते ‘तुझं तू ठरव’ मला चार वर्षं माहीत आहे. त्यानंतर तो आठवडाभर जेवताना ताटाकडे बघतो आणि मीच आपली म्हणते, जाऊ दे, नकोच.

मला जायचंय, आत्या. इतकं जायचंय की नळ बंद करायला विसरते. मी नवरा सोडत नव्हते गं. तुम्ही मला देवासमोर पळपुटी करून टाकलंत.

जान्हवी


मुलुंड पूर्व
१९ सप्टेंबर २०२४

जान्हवी,

माझं चुकलं. पाटी धरली तेव्हा दादाला दिसावी एवढंच डोक्यात होतं, बाकीच्यांना डोळे आहेत हे सुचलं नाही. दादाला मी तुझं पत्र वाचून दाखवायला सूनबाईला सांगितलं. तो म्हणाला, मी वाईट काय बोललो, पोरीचं भलंच मागितलं. आणि मग दुपारी जेवला नाही.

सुबोधशी बोल. राधाताईंशी बोल. काय होतं ते मला लगेच लिही.

हैदराबाद फार लांब आहे गं.

आत्या


अंधेरी पूर्व
२६ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,

राग उतरला. काकांना जेवायला सांग.

सुबोधशी बोलले. त्याला सगळं दाखवलं, हैदराबादचा मेल आणि ‘रन’ची वाक्यंसुद्धा. तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून एकेक वाचत गेला. मला वाटलं रागावेल. वाचून झाल्यावर म्हणाला, “एवढी वाक्यं आहेत आणि ह्यात मी कुठे आहे?” मी शोधायला लागले. ‘दोघांकडचे विषय संपले’ ह्यात होता. बटणांवरून बोट फिरवणारं एक वाक्य मी नंतर लिहिलं होतं, ते सापडलं. तो म्हणाला, “बरं, दोन तर दोन.” मग म्हणाला, “आत्यांना शब्दकोशातून कळतं, देवाला काकांकडून कळतं, आणि मला रिक्षात कळतं.” मला रडू आलं, तो उठून बाहेर गेला आणि येताना माझ्यासाठी वडापाव घेऊन आला. तो थंड झाला होता. आम्ही दोघांनी खाल्ला.

तो म्हणतो, जा असं माझ्या तोंडून निघणार नाही, कारण मला तू इथे हवीस. आणि जाऊ नको असंही म्हणणार नाही, कारण मग तू जन्मभर माझ्याकडे त्या नजरेने बघशील. चार वर्षांत तो पहिल्यांदा एवढं बोलला. आणि सासूबाई! त्या म्हणाल्या, “दोन वर्षं म्हणजे काय, आमच्या वेळी माणसं आखातात दहा-दहा वर्षं राहायची. जायचं तर जा, पण पळून नको. हळदकुंकू लावून, जेवून जा.”

म्हणजे अडवणारं कोणीच नाही. तरी आत्या, मी सोमवारी नाही म्हणून कळवणार आहे. दुपारी सरांबरोबर बसून ‘रन’ची शेवटची पानं संपवायची आहेत, ती झाली की मेल लिहीन.

तू हसशील. कारण ते गाऱ्हाणं. मी शिकलेली आहे, मला सगळं समजतं. पण देवासमोर ‘पाय घराक थार कर’, घरातच स्थिर ठेव, असं मागितलं गेलं आणि मी माझ्या तोंडाने व्हय म्हाराजा म्हटलं. आता बॅग भरायचा विचार केला तरी काकांचा आवाज कानात येतो. तिथे गेल्यावर इकडे कोणाला काही झालं, सासूबाई पडल्या, सुबोधला काही झालं, तर मी स्वतःला काय सांगू? कंपाउंडमधल्या फेऱ्या बंद केल्यात. पाय थांबलेत, आत्या. तुमचं गाऱ्हाणं पावलं.

हे मी कुरकुर म्हणून लिहीत नाही. तुला कळवायचं होतं म्हणून लिहिलं.

तुझी
जान्हवी


अंधेरी पूर्व, तुझ्या ऑफिसच्या खाली, वॉचमनच्या खुर्चीत
३० सप्टेंबर, दुपार

जान्हवी,

तुझं पत्र आत्ता सकाळी मिळालं. सोमवार आजच आहे! पत्र टाकायला वेळ कुठला, म्हणून मीच आले. घाटकोपरपर्यंत रिक्षा, तिथून मेट्रो. तिकिटाच्या खिडकीवर पाटी धरली, ‘अंधेरी, लवकर’. तो म्हणाला, आजी, मेट्रो तिच्या वेळेनेच जाणार. स्टेशनपासून तुझ्या ऑफिसपर्यंत मी जवळजवळ पळत आले. ह्या वयात! छातीत धडधडतंय, पण बरं वाटतंय.

वर येत नाही. तू सरांबरोबर बसली असशील आणि तुझ्यासमोर पाटीवर मला हे सगळं लिहिता येणार नाही, मध्येच पुसायला लागेल. वॉचमनकडून कागद घेतलाय, पाठकोरा आहे. त्यालाच वर धाडते. हे वाचेपर्यंत मेल पाठवू नकोस.

तू पहिल्या पत्रात लिहिलंस ना, घर चालवणं म्हणजे पण रनच? ते वाचून मी पाटी मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसले होते. तुला ठाऊक नाही, कोणी सांगितलं नसेल. मी पळायचे, जान्हवी. खरीखुरी. लालबागला असताना आपल्या मैदानावर, गिरणीच्या स्पर्धांत, नंतर शिवाजी पार्कला. पायात बूट नसायचे. आठशे मीटरला मला कोणी गाठायचं नाही. एक्याऐंशी साली रेल्वेने खेळाडूंच्या जागांत मला नोकरी देऊ केली. भुसावळला. घरी कोणी नको म्हटलं नाही. आबा, तुझे आजोबा, शांत माणूस होते. चतुर्थीला त्यांनी गाऱ्हाणं घातलं, “ह्या चेडवाचे पाय घराक थार कर रे म्हाराजा.” सगळे म्हणाले व्हय म्हाराजा. मी पण म्हणाले, तुझ्यासारखीच, सवयीने.

मग मी गेले नाही. पुढच्या जानेवारीत संप झाला, गिरणी गेली, आबा खचले. मी शिवणयंत्र आणलं, खानावळीचे डबे केले, घर चालवलं. दादाची पोरं मोठी केली, तुझ्या बाबांचं लग्न केलं, तुला शिकवलं. तुझ्या शब्दकोशात त्याला रन म्हणतात, आणि मी तर घरातून हललेसुद्धा नाही. भुसावळ कसं आहे ते मी अजून पाहिलेलं नाही.

मला आबांचा राग नाही. त्यांनी प्रेमानेच मागितलं. मीही तुझ्यासाठी प्रेमानेच मागितलं. पण तुझं ‘पाय थांबलेत’ वाचलं आणि मी पाटी घेऊन तशीच निघाले. मला ते पाय ओळखीचे आहेत गं.

देवासमोर हो म्हटलंस म्हणून अडलीस ना? मग देवासमोरच सोडवते. गाऱ्हाणं घालायचा मान पुरुषाचा, माहीत आहे. दादाला नंतर काय वाटायचं ते वाटू दे. आवाज नाही, म्हणून लिहून घालते.

बा देवा म्हाराजा,
तुजां विसर्जन झालां, तरी तू खयतरी आसशीलच, तेव्हा आयक. ही मी सुगंधा, हयसर अंधेरीक बसान गाऱ्हाणां घालतंय.
त्या दिवशी आमच्या तोंडातसून जा काय इलां ता भियान इलां. ता मागे घे.
ह्यां आमचां चेडू हैद्राबादाक जाता हा. पळान नाय, सांगान जाता हा. तेच्या पायांक बळ दी. थयसर तेका चार बरी माणसां मिळांदेत.
सुबोधाक राग इलो तर येवांदे, पण ऱ्हवांदे नको. राधाबायचे गुडघे सांभाळ.
ह्या घरातसून तेच्या वाटेत कोण आडवां इलां, मी जरी आडवी इलंय, तरी बाजूक कर.
तेचां चालांदे रे म्हाराजा.

आत्या


तिसरा मजला
आजच

आत्या,

पाणी पी आणि जागची हलू नकोस, मी खाली येतेय.

वॉचमन कागद घेऊन आला तेव्हा मेल अर्धा लिहून झाला होता. तो पुसला. सरांना म्हटलं, दोन मिनिटं थांबा, आणि दुसरा लिहिला. ‘येते’ म्हणून. पाठवलासुद्धा. मग सुबोधला फोन केला. त्याने आधी जायची तारीख विचारली. मग म्हणाला, “कुठली बॅग नेणार? त्या निळीची चेन मोडलीय, संध्याकाळी दुरुस्त करून आणतो.” आवाज त्याचा बरा नव्हता, आत्या. माझाही नव्हता. पण बॅगेचं त्यानेच काढलं.

डिसेंबरात तिकडे खोली घेतली की तू यायचंस. तोवर तुझा आवाज आलेला असेल. आणि जाताना वाटेत भुसावळ लागत नसलं तरी आपण भुसावळवरून जाऊ.

हा कागद वॉचमनबरोबर पुढे पाठवते, कारण तुझ्यासमोर आले की माझ्या तोंडून शब्द निघणार नाही, आणि तुला तर बोलायचीच बंदी आहे. दोघींपैकी कोणीतरी म्हणायला हवं, नाहीतर गाऱ्हाणं अर्धं राहतं. ह्या वेळी सवयीने म्हणत नाही.

व्हय म्हाराजा!

जान्हवी